बिल्ला कानात, पण नाव कोणाचे?

आठवडी बाजारात गाईचा सौदा आजही रुमालाखाली ठरतो. बोटे दाबली जातात, आकडा जुळतो, इसार दिला जातो आणि गाय टेम्पोत चढते. कागदाचे विचारले की ठरलेले उत्तर येते, "बिल्ला आहे की कानात! आणखी काय पाहिजे?"

आणखी काय पाहिजे ते ऐका. गेल्या वैशाखात आमच्या भागातील एका शेतकऱ्याची दुभती गाय वीज पडून दगावली. पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले. बिल्ल्याचा नंबर संगणकावर टाकला, तर मालक म्हणून नाव आले दुसऱ्याच तालुक्यातल्या माणसाचे! गाय सात महिन्यांपूर्वी बाजारातून आणलेली. नाव बदलायचे तेवढे राहून गेले. मूळ मालकाचा शोध, त्याचा जबाब, दाखले यात चार महिने गेले. तोवर पेरणी उसनवारीवर झाली.

राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. बाजार समिती असो, आठवडी बाजार असो की गावातला घरगुती व्यवहार, नियम एकच. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला झाल्यास सरकारी मदतीसाठीही बिल्ला लागतो. विम्याचेही तसेच.

हा नुसता कागदी सोपस्कार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि पुढे राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. आजारी जनावर कोणत्या गोठ्यातून आले, तिथून आणखी कोणती जनावरे कुठे गेली, हे कळले तरच रोगाला वेळीच आवर घालता येतो. वराहपालकांनीही हे ध्यानात घ्यावे. २०२० मध्ये आसाम व अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला. त्यावर औषध नाही. रोग निघाला की भोवतालच्या १ किलोमीटर परिसरातील डुकरे नष्ट करावी लागतात. कुठून आणले ते ठाऊक नसलेले एक पिल्लू शेजाऱ्याचाही धंदा बसवू शकते.

म्हणून एवढे करा :

१) इसार देण्याआधी बिल्ल्यावरील बारा आकडे स्वतः वाचा आणि विकणाऱ्याच्या कागदाशी ताडून पाहा.

२) विक्रीच्या दाखल्यावर हा नंबर लिहून घ्या.

३) घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन 'भारत पशुधन' प्रणालीत मालकाचे नाव बदलून घ्यावे. विमा असेल तर कंपनीलाही लेखी कळवावे.

४) बिल्ला तुटला वा पडला तर दवाखान्यात जुना नंबर सांगूनच नवा मारून घ्या, नाहीतर आधीच्या लसीकरणाची नोंद तुटते.

५) बिल्ला मारल्यावर कानाची जखम सुकेपर्यंत औषध लावा, माशा बसू देऊ नका.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही विनंती, की नंबर नसलेला विक्रीचा दाखला देऊ नका. ओळखीपाळखीत दिलेला असा दाखला पुढे त्याच शेतकऱ्याच्या अंगाशी येतो.

विकणाऱ्यालाही यात फायदाच आहे. नाव बदलले नाही, तर विकलेल्या जनावराची चौकशी उद्या त्याच्याच दारात येणार.

नाव बदलायला दवाखान्यात एक फेरी पडते. आमच्या त्या शेतकऱ्याला ती फेरी चुकवल्यावर चार महिने खेटे घालावे लागले. तेव्हा पुढच्या बाजारी दावे हातात घेण्याआधी बिल्ल्याचा नंबर हातात घ्या.