मोटारगाडी योग्यता प्रमाणपत्र

मोटारगाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित असून कायद्याने ठरविलेल्या तांत्रिक निकषांत बसते, असे अधिकृत तपासणीनंतर दिलेले लेखी प्रमाण म्हणजे योग्यता प्रमाणपत्र होय. वापरलेल्या मोटारगाडीच्या खरेदी-विक्रीत त्याला विशेष महत्त्व असते. गाडीचे गुणदोष विकणाऱ्यास वर्षानुवर्षांच्या वापरातून ज्ञात असतात. घेणाऱ्यास मात्र थोड्या वेळाच्या पाहणीवरून निर्णय घ्यावा लागतो. ही उणीव त्रयस्थाच्या तपासणीने काही अंशी भरून निघते. तथापि प्रमाणपत्र कशाची ग्वाही देते व कशाची देत नाही, हे ठाऊक नसल्यास त्यावरील विश्वास अनाठायी ठरतो.

इतिहास : ब्रिटनमध्ये १९५६ च्या रस्ते वाहतूक अधिनियमाने जुन्या गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीची तरतूद केली व सप्टेंबर १९६० मध्ये ती अंमलात आली. प्रारंभी दहा वर्षे वा त्यांहून जुन्या गाड्यांपुरती असलेली ही तपासणी १९६१ मध्ये सात वर्षांच्या व १९६७ मध्ये तीन वर्षांच्या गाड्यांना लागू झाली. तत्कालीन परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘एमओटी’ या नावाने ओळखली जाते. ते मंत्रालय त्या नावाने उरले नसले, तरी तपासणीचे नाव टिकून आहे. तीन वर्षांनंतर दरवर्षी ती करावी लागते. जर्मनी व जपान या देशांत खाजगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व पुढील तपासण्या दर दोन वर्षांनी होतात.

भारतातील व्यवस्था : भारतात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने प्रवासी व मालवाहू अशा परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक केले. सध्या लागू असलेल्या १९८८ च्या अधिनियमातील कलम ५६ मध्ये हीच तरतूद आहे. नव्या परिवहन वाहनाचे प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते. पुढे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

खाजगी मोटारगाडीची स्थिती निराळी आहे. तिचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षे वैध असते आणि या काळात यांत्रिक तपासणीची नियतकालिक सक्ती नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर गाडीची तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी केले जाते. यातून घेणाऱ्याची एक सार्वत्रिक गैरसमजूत उद्‌भवते. सात-आठ वर्षे वापरलेल्या गाडीच्या नोंदीत योग्यतेची मुदत आणखी काही वर्षे शिल्लक दिसते. परंतु ती पहिल्या नोंदणीपासून मोजलेली मुदत असते. मधल्या काळात कोणी ब्रेक तपासले आहेत, असा तिचा अर्थ नव्हे. ब्रिटनमधील ग्राहकास गाडीच्या तपासण्यांचा पूर्वेतिहास पाहता येतो. भारतातील पंधरा वर्षांखालील खाजगी गाडीबाबत असा सरकारी तपासणीचा इतिहास सामान्यतः नसतोच.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पीयूसी) हेही सुरक्षिततेचे प्रमाण नव्हे. नोंदणीस एक वर्ष झाल्यानंतर ते जवळ बाळगणे बंधनकारक असते. परंतु त्यात केवळ धुराची तपासणी होते. विम्याचा करार खंडित झाल्यावर तो नव्याने देण्यापूर्वी विमा कंपनी गाडीची पाहणी करते. तिचाही उद्देश आधीच झालेले नुकसान नोंदविणे हा असतो.

तपासणीचे स्वरूप : योग्यतेची तपासणी परंपरेने प्रादेशिक परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षक करीत आले. डोळ्यांनी केलेल्या पाहणीत व्यक्तिपरत्वे फरक पडतो. म्हणून यंत्रांच्या साहाय्याने मोजमाप करणाऱ्या स्वयंचलित चाचणी केंद्रांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय नियम करण्यात आले. ब्रेकच्या चाचणीत चाके फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकावरील रोधक बल स्वतंत्रपणे मोजतात. एकाच आसावरील डाव्या व उजव्या चाकांच्या बलांत मोठी तफावत असल्यास जोराने ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाते. सावकाश चालविताना हा दोष चालकास जाणवतोच असे नाही. याशिवाय पुढील दिव्यांच्या झोताची दिशा, सुकाणू यंत्रणेतील ढिलेपणा, धक्काशोषक, टायर, काचा व आसनपट्टे यांची पाहणी होते. चासी व एंजिन यांवरील क्रमांक नोंदणीशी ताडून पाहतात [→ मोटारगाडी].

मर्यादा : प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. दुसऱ्या दिवशी ब्रेकच्या द्रवाची गळती सुरू झाल्यास प्रमाणपत्र कागदोपत्री वैधच राहते. दुसरे असे की, सुरक्षितता व टिकाऊपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटनमधील तपासणीत एंजिन, क्लच व गिअरपेटी यांची अवस्था पाहिली जात नाही. तपासणीत सुटे भाग उकलून पाहत नसल्याने रंगाखालचा गंज किंवा अपघातानंतर जोडलेला सांगाडा नजरेतून सुटू शकतो. म्हणून अनुभवी कारागिराकडून गाडी उचलून खालून पाहून घेणे व प्रत्यक्ष चालवून पाहणे यांना पर्याय नाही. टायरच्या बाजूवरील चार अंकी संकेतांकावरून त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ चा तेविसावा आठवडा. रस्ता पकडणारी नक्षी पुरेशी खोल असली, तरी रबर कालांतराने कडक होते; त्यामुळे हा अंक पाहणे उपयुक्त ठरते.

खरेदी-विक्री व दायित्व : १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार त्या प्रकारच्या मालाचा व्यापार न करणाऱ्या व्यक्तीकडून वस्तू घेताना तिच्या दर्जाची हमी सामान्यतः गृहीत धरली जात नाही. त्यामुळे खाजगी व्यवहारात पाहून-पारखून घेण्याचा भार मुख्यतः घेणाऱ्यावर पडतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० प्रमाणे, चालकास ठाऊक असलेल्या किंवा साधारण काळजी घेतल्यास कळू शकला असता अशा धोकादायक दोषासह गाडी चालविणे हा गुन्हा आहे. गाडी नुकतीच घेतली, ही सबब येथे आपोआप पुरी पडत नाही.

विकणाऱ्याची जबाबदारीही पैसे व किल्ली यांच्या देवघेवीने संपत नाही. कलम ५० नुसार हस्तांतरणाची खबर त्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत व परराज्याच्या बाबतीत पंचेचाळीस दिवसांत द्यावयाची असते. घेणाऱ्यास तीस दिवसांची मुदत असते. त्यासाठी अनुक्रमे नमुना २९ व नमुना ३० वापरतात. गाडीवर कर्ज असल्यास त्याची नोंद नमुना ३५ द्वारे रद्द करून घेणे आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निर्णयात, गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली असतानाही, नोंदणीत ज्याचे नाव होते त्यालाच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार धरले. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी प्राधिकारपत्राची पद्धती लागू झाली असून, गाडी अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना दिल्यावर तो तिचा मालक मानला जातो.

अशा रीतीने या व्यवहारात गाडीची योग्यता व कागदपत्रांची पूर्तता यांची पडताळणी स्वतंत्रपणे करावी लागते. पहिलीत राहिलेली उणीव गाडीत बसणाऱ्यांच्या व रस्त्यावरील इतरांच्या जीवावर बेतू शकते, तर दुसरीतील उणिवेचा भार गाडी विकून मोकळ्या झालेल्या व्यक्तीवर अनेक वर्षांनीही येऊ शकतो.