बिनतारी माईक : शिबिरातील जोडणी व वापर

राजगडाच्या पायथ्याशी वसलेल्या गुंजवण्यासारख्या गावी आरोग्यशिबिर अथवा वनौषधी-परिचयवर्ग घ्यावयाचा असला, की औषधांचा साठा, रुग्णतपासणीची स्वतंत्र खोली, नोंदवह्या, चहापाणी या सर्वांचा विचार आपण आठवडाभर आधी करतो. माईकचा विचार मात्र आदल्या सायंकाळी होतो आणि तोही ‘मंडपवाला आणेल’ एवढ्यावर संपतो. वस्तुतः पथ्यापथ्याचे व औषधसेवनाचे विवेचन शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्टपणे पोहोचले नाही, तर केवळ सभेची रंगत कमी होते असे नाही. त्यातून अनर्थही संभवतो.

याचे कारण आपल्या भाषेच्या रचनेत आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘कळलावीचा कंद वैद्याला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये’ हे वाक्य उच्चारताना ‘नये’पर्यंत येता येता वक्त्याचा श्वास संपत आलेला असतो व स्वर खाली उतरलेला असतो. पुढच्या दोन रांगांना पूर्ण वाक्य ऐकू येते. मागे बसलेल्या आजींना ‘कळलावीचा कंद पोटात घे’ एवढेच. पावसाळ्यात सह्याद्रीच्या झुडपांतून सुंदर फुले मिरविणारी ही वनस्पती विषारी आहे, हे आपणांस सांगावयास नको. बिब्बा, धोतरा, कण्हेर यांविषयी बोलतानाही हाच प्रश्न उद्भवतो. म्हणून उत्तम माईक हाती असला तरी निषेध वाक्याच्या आरंभी आणावा, ‘कधीही करू नये अशी गोष्ट सांगतो’ अशी सुरुवात करावी व तो निषेध दोनदा उच्चारावा. बिनतारी संचात क्षणभर संदेश तुटण्याची शक्यता नेहमीच असते आणि तो क्षण कोणत्या शब्दावर येईल हे आपल्या हाती नसते.

दुसरे कारण वक्त्याच्या कंठाचे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात स्वरभेदाच्या हेतूंमध्ये अत्युच्च भाषणाची गणना केली आहे. तीन तास माईकशिवाय बोलून दुसऱ्या दिवशी घसा धरणाऱ्या वैद्यांनी तो अध्याय पुन्हा एकदा पाहावा.

आता संचाकडे वळू. बिनतारी संचाचे तीन भाग असतात : ध्वनीचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारा माईक, तो संकेत रेडिओलहरींवर चढवून सोडणारा ट्रान्समीटर आणि त्या लहरी पकडून पुन्हा ध्वनिसंकेत देणारा रिसीव्हर. हातात धरावयाच्या प्रकारात पहिले दोन भाग एकाच दांड्यात असतात. कॉलरला लावावयाच्या वा डोक्यावरून घालावयाच्या प्रकारात माईक वाटाण्याएवढा असतो व ट्रान्समीटरची डबी कमरेला अडकविलेली असते. या इवल्याशा माईकमागे बहुधा इलेक्ट्रेट तंत्र असते. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी ते विकसित केले. रिसीव्हरपासून पुढे सर्व काही तारेचेच आहे. तेथून ॲम्प्लिफायर, तेथून कर्णे. ‘बिनतारी’ या शब्दाने पुष्कळांची अशी समजूत होते की साऱ्या तारा गेल्या. गेलेली असते ती फक्त एक तार, वक्त्याच्या मागे ओढली जाणारी.

खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न वारंवारतेचा विचारावा. दुकानदार बहुधा आवाजाच्या दर्जाविषयीच बोलत राहतो. आपल्याकडे मिळणारे संच प्रामुख्याने दोन पट्ट्यांत असतात. एक यूएचएफ, म्हणजे साधारणतः ५०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, आणि दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. दुसऱ्या पट्ट्यात भारतात २००५ पासून ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्याशिवाय उपकरणे वापरता येतात. परंतु वाय-फाय, ब्लूटूथ व असंख्य खेळणी याच पट्ट्यात वावरतात. यूएचएफमध्ये ही गर्दी कमी असते. पण तेथे पट्टा पाहून घ्यावा लागतो, आणि त्यास परवाना लागतो का हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. २०२२ च्या लिलावानंतर ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील भाग मोबाईलच्या फाइव्ह-जी सेवेकडे गेला. त्यामुळे बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत स्वस्तात दिसणारा जुना संच ७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झमधील असेल तर तो स्वस्त का आहे हे समजून घ्यावे.

२.४ गिगाहर्ट्झच्या संचाचा एक गुण शिबिर घेणाऱ्याने नीट लक्षात ठेवावा. सकाळी सभागृह रिकामे असताना तो शेवटच्या भिंतीपर्यंत निर्दोष चालतो. दहा वाजता ऐंशी माणसे येऊन बसली की आवाज तुटू लागतो आणि संच बिघडला असे वाटते. तो बिघडलेला नसतो. मानवी देहात पाण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि या वारंवारतेच्या लहरी जलयुक्त देह बऱ्याच प्रमाणात शोषून घेतो. शिवाय त्या ऐंशी माणसांच्या खिशातील मोबाईल त्याच पट्ट्यात बोलत असतात. म्हणून रिकाम्या जागी चाचणी घेताना आवश्यक अंतराच्या दुपटीपर्यंत माईक चालतो का हे पाहावे. चालत नसेल तर रिसीव्हर वक्त्याच्या जवळ आणावा आणि तेथून ॲम्प्लिफायरपर्यंत लांब तार टाकावी. रिसीव्हर ॲम्प्लिफायरशेजारीच असला पाहिजे असा कोणताही नियम नाही.

रिसीव्हरची जागा हा साऱ्या जोडणीचा गाभा आहे. तो टेबलाखाली, लोखंडी कपाटामागे अथवा कर्ण्यावर ठेवू नये. श्रोत्यांच्या डोक्यांपेक्षा उंच, वक्त्यापासून थेट दिसेल असा ठेवावा. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते व तिचा चतुर्थांश म्हणजे साडेबारा सेंटिमीटरची अँटेना तिला पुरते. कमरेच्या डबीतून लोंबणारी छोटी तार ती हीच. ती गुंडाळून खिशात कोंबली अथवा घामेजल्या त्वचेला चिकटली, की अर्धे काम तेथेच बिघडते. ती मोकळी लोंबू द्यावी. डबी कमरेच्या ज्या बाजूला रिसीव्हर आहे त्या बाजूस लावावी आणि मोबाईल दुसऱ्या खिशात ठेवावा.

गावोगावची समाजमंदिरे व शाळांचे वर्ग बहुधा पत्र्याच्या छपराचे असतात. पत्र्यावरून रेडिओलहरी परावर्तित होतात. थेट आलेली व परावर्तित झालेली लहर एखाद्या ठिकाणी परस्परांना नाहीशा करतात आणि वक्ता बरोबर त्या ठिकाणी उभा राहिला की आवाज गडप होतो. अर्धे पाऊल सरकला की परत येतो. यावर उपाय म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. ज्या अँटेनेवर संकेत सबळ असेल ती तो क्षणोक्षणी निवडतो. ‘डायव्हर्सिटी’ हा शब्द खोक्यावर लिहिलेला असला तरी आत खरोखर दोन स्वतंत्र ग्राहक मंडले आहेत का, हे विचारून घ्यावे. दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे फाकवून ठेवाव्यात.

पत्र्याचा दुसरा उपद्रव पावसाचा आहे. गुंजवणे-वेल्हे भागातील आषाढसरी पत्र्यावर कोसळू लागल्या की कोणत्याही माईकने काही साधत नाही. अशा वेळी आवाज वाढवू नये. दहा मिनिटे थांबावे, त्या वेळात रक्तदाब तपासून घ्यावेत.

शिबिरस्थळी पोहोचल्यावर क्रम असा ठेवावा. ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर असावा. सर्व ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरला मोकळी वाहिनी शोधू द्यावी. ही सोय बहुतेक नव्या संचांत असते. वाहिनी मिळाल्यावर ट्रान्समीटर तिच्याशी जुळवावा. पुण्यात जुळविलेली वाहिनी गुंजवण्यात चालेलच असे नाही. तसेच परत आल्यावर शहरात ती चालेल असेही गृहीत धरू नये. दोन-तीन माईक एकत्र वापरावयाचे असतील तर वारंवारता समान अंतरावर ठेवू नयेत. उदाहरणार्थ ६००, ६०१ व ६०२ मेगाहर्ट्झ ही निवड सुबक दिसते. परंतु ६०१ ची दुप्पट करून ६०० वजा केले की ६०२ येतात. म्हणजे पहिल्या दोन माईकच्या संयोगातून निर्माण होणारी अनाहूत लहर नेमकी तिसऱ्याच्या वाहिनीत घुसते. उत्पादकाने दिलेल्या गटातील वाहिन्या याच हिशेबाने निवडलेल्या असतात. त्या तशाच वापराव्यात.

मग आवाजाची पातळी. वक्ता सर्वांत मोठ्याने बोलेल तेव्हा ट्रान्समीटरवरील लाल दिवा क्वचित लुकलुकावा, सतत पेटू नये. हे आधी साधावे आणि मगच ॲम्प्लिफायरचा आवाज हळूहळू वाढवावा. सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी व बंद करताना सर्वांत आधी. अन्यथा कर्ण्यातून जो धडाका निघतो त्याने पुढच्या रांगेतील तान्ही मुले दचकतात.

माईकची जागा कॉलरच्या प्रकारात हनुवटीखाली साधारण एक वीत असावी. आपल्या शास्त्राच्या भाषेत द्वादशांगुल. त्याहून खाली, सदऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या गुंडीवर लावला की आवाज दूरचा येतो, म्हणून ॲम्प्लिफायर वाढवावा लागतो आणि मग शिट्टी सुरू होते. शिट्टीचे कारण साधे आहे : कर्ण्याचा ध्वनी माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यात येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. कर्णे वक्त्याच्या पुढे व श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. वक्त्याने त्यांच्या पुढे जाऊ नये. हाती धरावयाच्या माईकची जाळी मुठीत पकडण्याची सवय सार्वत्रिक आहे. ती जाळी झाकली की केवळ समोरचे ऐकणारा माईक चहूकडचे ऐकू लागतो. शिट्टी वाजली म्हणून जाळीवर हात ठेवणे हे अग्नीत घृत ओतणेच होय.

माझे मत विचाराल तर वैद्याने डोक्यावरून घालावयाचा माईक वापरावा. तो मुखाजवळ असल्याने आवाज स्थिर राहतो, मान वळवली तरी कमी होत नाही, आणि वनस्पतीची फांदी दाखविण्यास अथवा अभ्यंगाचे प्रात्यक्षिक करण्यास दोन्ही हात मोकळे राहतात. ‘गायकासारखे दिसते’ हा संकोच पहिल्या पाच मिनिटांत जातो. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी हातातला एक माईक वेगळा ठेवावा व स्वयंसेविकेकडे द्यावा. तरीही पुष्कळ भगिनी माईक हातात घेत नाहीत. त्यांचा प्रश्न वक्त्याने स्वतः मोठ्याने पुन्हा सांगावा, नावाचा उल्लेख न करता.

येथे वैद्यांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना करतो. व्याख्यान संपवून रुग्णतपासणीस बसताना माईक केवळ बाजूला ठेवून भागत नाही. ट्रान्समीटर बंद करावा. कमरेची डबी चालू राहिली तर आतल्या खोलीत रुग्णेने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेरच्या मंडपात सर्वांना ऐकू येते. कर्णे बंद असले तरी साध्या एफएम पद्धतीचा संकेत त्याच वाहिनीवर जुळविलेला दुसरा रिसीव्हर पकडू शकतो. एका स्वयंसेवकावर ‘तपासणीपूर्वी डबी काढून घेणे’ एवढेच काम सोपवावे.

वनौषधी-दर्शनाची गोष्ट निराळी. गुंजवण्यातून चोरदरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीकडे चढताना अरुंद, उभ्या वाटेवर पंचवीस विद्यार्थी ओळीने चालतात आणि शेवटच्याला काहीच ऐकू येत नाही. तेथे कर्णा नेणे मला सर्वथा अयोग्य वाटते. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे, जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली आहे, आणि तेथील शांततेवर इतरांचाही हक्क आहे. एकाच ट्रान्समीटरवरून अनेक छोटे रिसीव्हर प्रत्येकाच्या कानाशी लावण्याची पद्धत वस्तुसंग्रहालयांत वापरली जाते. ती परवडत नसेल तर सपाटी मिळेल तेथे सर्वांना गोळा करून बोलावे. ब्लूटूथ स्पीकरला माईक जोडण्याची युक्ती मुले सुचवितात. परंतु ब्लूटूथमध्ये ध्वनी बहुधा दशांश सेकंद वा अधिक उशिरा पोहोचतो आणि स्वतःचाच उशिरा येणारा आवाज ऐकत बोलणे वक्त्यास अशक्यप्राय होते. उघड्या माचीवर वारा असतोच. माईकवरील स्पंजाची टोपी विसरू नये.

गावात ध्वनिवर्धक लावण्यास ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. लेखी परवानगी घ्यावी लागते व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत खुल्या जागी वापर करता येत नाही. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. आपली शिबिरे बहुधा शाळेतच भरतात, तेव्हा हे आधी विचारून घ्यावे.

राहिली बॅटरी. प्रत्येक सत्रापूर्वी नवी अथवा पूर्ण भारित बॅटरी घालावी. पुनर्भारित होणाऱ्या निकेल सेलचा दाब १.२ व्होल्ट व साध्या अल्कलाइन सेलचा १.५ व्होल्ट असल्याने दर्शक दिवा दोहोंसाठी सारखे सांगत नाही. शिबिर संपल्यावर सेल काढून ठेवावेत. ते पाझरले तर डबीतील पत्ती गंजते. डोक्यावरच्या माईकची दांडी व तार घामाने भिजलेली असते, ती कोरड्या फडक्याने पुसून, रात्रभर उघड्यावर वाळवून मगच पेटीत ठेवावी. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आपण फेकून देतो. पावसाळ्याचे चार महिने त्यांतील दोन-तीन माईकच्या पेटीत टाकाव्यात.