कापडाची बाळंतीण

स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक टेबल ठरलेलं असतं. त्यावर हाडांचं कोरडं ओटीपोट आणि एक कापडी बाळ. परीक्षक म्हणतात, ‘दाखवा, डोकं कसं वळतं ते.’ बाळाची हनुवटी छातीला टेकवायची, डोकं आडवं आत घालायचं, खाली आणता आणता फिरवायचं. त्या टेबलावर मी सहज पास झाले होते. तरीही लेबर रूममधल्या पहिल्या बाळंतपणात माझे हात गोंधळले. तिथे सगळं ओलं होतं, निसरडं होतं, ताणलं जात होतं. कळा देणाऱ्या त्या बाईच्या अंगावर माझं शिकणं चाललं होतं आणि ते तिला कळत होतं.

हा पेच जुना आहे आणि त्यावरचा एक उत्तम उपायही जुना आहे. फ्रान्समधल्या रुआँ शहरात एक वैद्यकीय संग्रहालय आहे. लेखक गुस्ताव्ह फ्लोबेरचे वडील तिथल्या इस्पितळात शल्यचिकित्सक होते, म्हणून संग्रहालयाला फ्लोबेरचं नाव. तिथे कापडाचं एक स्त्रीशरीर जपून ठेवलं आहे. कमरेपासून मांड्यांपर्यंतचंच, खऱ्या मापाचं. कापड आणि चामडं शिवून, आत भरण भरून केलेलं. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा आत एका तरुण बाईच्या ओटीपोटाची खरी हाडं दिसली. याला तिथे ‘यंत्र’ म्हणतात. ते तयार केलं अठराव्या शतकातल्या एका सुईणीने. तिचं नाव अँजेलिक द्यु कुद्रे.

या बाईंनी 1740मध्ये पॅरिसमध्ये सुईणीचा परवाना मिळवला आणि पुढे त्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागात गेल्या. तिथल्या खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अडलेलं बाळ ओढून काढताना बाळ अधू होई, आई कायमची दुखावे. या बायकांना पुस्तक देऊन उपयोग नव्हता आणि तोंडी सांगितलेलं हातापर्यंत पोचत नव्हतं. मग धडाच हाताला लागेल असा करायचा, असं त्यांनी ठरवलं. शिवणटिपण तर त्या बायकांच्याही ओळखीचं होतं. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. शिकणाऱ्याला कमी लेखून त्यांनी धडा सोपा केला नाही. शिकणारीच्या हातात आधीपासून जे कौशल्य होतं, तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

आता यंत्राकडे जरा नीट पाहू. पट्ट्या आणि दोऱ्या ओढल्या की योनीमार्ग आणि विटप (योनी आणि गुदद्वारामधला भाग) सैल किंवा घट्ट होतात. म्हणजे बाळाचं डोकं बाहेर येताना हाताला किती विरोध जाणवतो, तो कुठे सोसायचा आणि कुठे थांबायचं, हे बोटांना कळतं. बाळ वेगळं, जुळी वेगळी, नाळ आणि वारही शिवलेली. पुढच्या काळातल्या काही यंत्रांत स्पंज होते. त्यांतून योग्य वेळी स्वच्छ पाणी आणि तांबडं पाणी सुटे, पाणमोट फुटल्यासारखं, रक्त गेल्यासारखं. ओलेपणाशिवाय बाळंतपण शिकवता येत नाही, हे त्यांना अडीचशे वर्षांपूर्वी उमजलं होतं.

पण माझी नजर खिळते ती त्या कापडी बाळाच्या तोंडावर. नाक-कान घडवलेले, केस शाईने रेखलेले, आणि तोंड उघडं. आत जीभ आहे, बोट खोलवर जातं. शोभेसाठी इतकं कोणी करत नाही. पायाळू बाळाचं अंग आधी बाहेर येतं आणि डोकं मागे अडकतं. तेव्हा नुसतं ओढलं तर मान दुखावते. बाळाच्या तोंडात बोट घालून हनुवटी छातीकडे झुकवायची, म्हणजे डोक्याचा लहान व्यास पुढे येतो आणि ते सुटतं. आज आम्ही बोटं गालफडांच्या हाडांवर ठेवतो, तोंडात घालत नाही, पण तत्त्व तेच. त्या उघड्या तोंडाची शिलाई घालताना द्यु कुद्रेंच्या डोळ्यांपुढे नक्की कुठलं तरी अडकलेलं बाळ असणार.

1759मध्ये राजा पंधराव्या लुईने त्यांना देशभर शिकवण्याची सनद दिली. राजाला वाढती लोकसंख्या हवी होती, शेताला आणि फौजेला माणसं हवी होती. कारण काही असो, सुमारे पाव शतक या बाई यंत्र घेऊन गावोगाव फिरल्या आणि त्यांनी हजारो बायकांना शिकवलं. 1759मध्येच त्यांचं पुस्तकही निघालं, 1769च्या आवृत्तीत रंगीत चित्रं आली. निघताना त्या गावात एक यंत्र ठेवून जात आणि तिथल्या शल्यचिकित्सकांना ते वापरायला शिकवून जात, म्हणजे शिकवणं मागे चालू राही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम 2019मध्ये आला. त्यात प्रसूतीच्या अवस्था आधी मॅनिकिनवर करून दाखवणं आहे आणि कॉलेजांना स्किल्स लॅब सक्तीची झाली. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं मी मनापासून म्हणते. मात्र कपाटात कुलूपबंद ठेवलेलं महागडं मॅनिकिन कुणाच्याच हाताला काही शिकवत नाही. लॅब तपासणीपुरती उघडत असेल, तर पहिला धडा पुन्हा एखाद्या बाईच्याच अंगावर गिरवला जातो.

नॉर्वेच्या लार्डाल कंपनीची ‘मामा नॅटली’ ही मॅनिकिन मला द्यु कुद्रेंच्या सर्वांत जवळची वाटते. ती टेबलावर निजत नाही. प्रशिक्षक ती पोटावर बांधतो, आतून बाळ पुढे ढकलतो आणि खोटं रक्त सोडतो. गर्भपिशवी घट्ट झाली की सैल पडली, हे विद्यार्थिनीने पोटावर हात ठेवून ओळखायचं. आणि द्यु कुद्रेंच्या यंत्राला जे जमत नव्हतं ते इथे होतं, बाळंतीण बोलते.

गेल्या वर्षी मी स्वतः ती बांधून बसले होते. समोरच्या मुलीने बाळ व्यवस्थित घेतलं, पुसलं, नाळेला चिमटे लावले. मी रक्त सोडलं. ती खाली बघत राहिली, हात थांबले. मी कण्हत विचारलं, ‘अहो डॉक्टर, काय होतंय मला?’ तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरना हाक मारली, इंजेक्शन मागितलं आणि एक हात माझ्या पोटावर ठेवून म्हणाली, ‘ताई, बाळ छान आहे तुमचं. पिशवी जरा सैल पडलीय, मी पोट चोळते. दुखेल थोडं, हं.’