नोझल बदलताना अमानत सांभाळा

ट्रक चढावर दम टाकू लागला, काळा धूर ओकू लागला, इंजिनातून ठोक ऐकू येऊ लागला, की मालकाच्या तोंडी एकच वाक्य येते, "मिस्त्री, नोझल गेला वाटतं." यावर पुष्कळ ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते, "सहाही बदलून टाकू." मालकाच्या डोक्यावर हप्ते असतात, माल भिवंडीच्या गोदामात अडकलेला असतो. तो बिचारा मान हलवतो. आमचे म्हणणे असे की सहा नोझल बदलणे कोणालाही जमते. सहांपैकी बिघडलेला कोणता, हे शोधणे ही कारागिरी आहे. मिस्त्रीची खरी मजुरी या शोधाची असते आणि त्याची अमानतदारीही येथेच पारखली जाते.

प्रथम जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पंपातून प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या नळीने डिझेल देणाऱ्या इंजिनांविषयी पाहू. टाटाच्या ६९७ सारखी सहा सिलिंडरची अशी इंजिने जुन्या गाड्यांत आजही आढळतात. इंजिन गरम करून स्लोवर चालू ठेवावे. मग एकेका इंजेक्टरवरील नळीचा नट, वर फडके धरून, किंचित सैल करावा. इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष त्या सिलिंडरात आहे.

पण दोष सिलिंडरात आहे म्हणून नोझलच गेला, असे होत नाही. व्हॉल्व्ह गळत असेल, रिंगा झिजल्या असतील. म्हणून संशयित इंजेक्टर आणि शेजारच्या सिलिंडरचा चांगला इंजेक्टर यांची अदलाबदल करून पाहावी. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर दोषी. दोष जागेवरच राहिला तर नवा नोझल टाकणे म्हणजे मालकाचा पैसा पाण्यात घालणे होय.

इंजेक्टर काढण्यापूर्वी भोवतालची जागा डिझेलने धुऊन हवा मारावी. नळ्यांची उघडी तोंडे लगेच बंद करावीत. नोझलच्या सुईत आणि तिच्या घरात जी फट असते ती मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी. केसाहूनही कितीतरी बारीक. धुळीचा एक कणही तेथे पुरतो. सुई आणि घर ही कारखान्यात जुळवलेली जोडी असते; एकाची सुई दुसऱ्यात कधीही घालू नये.

काढलेला इंजेक्टर टेस्टरवर लावावा, आणि शक्यतो मालकासमोर. तीन गोष्टी पाहाव्यात: ठरलेल्या दाबावर उघडतो का, फवारा धुक्यासारखा आणि सारखा पडतो का, टोकाला थेंब साचतो का. जुन्या ट्रक इंजिनांत हा दाब साधारण २०० ते २५० बार असतो, पण नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा. फवाऱ्यासमोर हात धरणे जिवावर बेतू शकते. डिझेल कातडी भेदून आत शिरते, वरून सुई टोचल्याइतकीच खूण दिसते आणि आत बोट सडते. असे झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ इस्पितळ गाठावे.

थेंब गळणारा नोझल चालवून नेणेही परवडत नाही. न जळालेले डिझेल लायनरवरचे ऑईल धुऊन टाकते, खाली उतरून ऑईल पातळ करते आणि प्रसंगी पिस्टनला भोक पाडते. मग नोझलच्या खर्चावर भागणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

नवा नोझल घेताना त्यावर कोरलेला क्रमांक जुन्याशी अक्षर न् अक्षर जुळवावा. दिसायला सारख्या नोझलांची छिद्रे आणि कोन निराळे असतात. बसवताना हेडमधील जुना तांब्याचा वॉशर निघाला आहे ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. तो आतच राहून वर दुसरा बसला तर नोझल उंच राहतो आणि गॅस गळतो. वॉशर नवा, त्याच जाडीचा आणि एकच असावा. क्लॅम्पचे नट थोडे थोडे, दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत. नंतर हँड प्रायमर मारून फिल्टरवरील हवा काढावी, नळीच्या तोंडाशी बुडबुड्याविना डिझेल येईपर्यंत इंजिन फिरवावे आणि मगच नट आवळावा. डिझेल फिल्टर त्याच वेळी बदलावा. पाणी, कचरा किंवा रॉकेलची भेसळ यांनी जुना नोझल खाल्ला असेल, तर तेच डिझेल नव्यालाही खाईल.

आता व्यवहाराचे. टेस्टरवर सहाही कमजोर निघाले तर सहाही बदलावेत, त्यात गैर काही नाही. मात्र चांगला निघालेला नोझल बदलून त्याचे पैसे घेणे वेगळे. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. आपण ती तराजूपुरतीच समजतो. अनावश्यक भाग बिलात धरणे ही मापातलीच खोट आहे, असे आम्हास वाटते. म्हणून काढलेले भाग मालकाच्या हाती द्यावेत, भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहावी आणि शोधाची मजुरी न लाजता मागावी. मालकांनीही ती देताना घासाघीस करू नये. शोधाला दाम नसेल तर मिस्त्री भाग विकूनच पोट भरणार.

हा प्रश्न यापुढे अधिक कठीण होणार आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ लागू झाले. नव्या ट्रकांत कॉमन रेल इंजिन असते. त्यात दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो. तेथे चालू इंजिनाचा नट सैल करण्याची वर सांगितलेली रीत मुळीच वापरू नये, प्राणावर बेतेल. दोष स्कॅनरने शोधावा लागतो आणि बहुतेक गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो.

आमच्या वस्त्यांतील कित्येक मुले शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली हा हुन्नर शिकली आणि त्यावर घरे चालवली. पुढच्या पिढीला केवळ कानाने इंजिन ओळखून भागणार नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला दहावी पास लागते. उस्तादांनी शागिर्दाला दहावीपर्यंत शाळेत राहू द्यावे, पुढे आयटीआयला पाठवावे आणि सुट्टीत गॅरेजवर घ्यावे. त्याचा हात उस्तादाकडून तयार होईल, स्कॅनर तो तिकडे शिकेल. असे झाले तर हा धंदा आपल्या मुलांच्या हाती राहील, इन्शाअल्लाह.