सौर प्रकल्प आणि गायरान

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना विजेचे नियोजनही बाबासाहेबांकडेच होते. आज ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ शेतीपंपांना दिवसा वीज देऊ पाहते, हे स्वागतार्हच. त्यासाठी खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे मिळते. शासकीय जमीन, गायरानासह, नाममात्र दराने दिली जाते. मात्र सोलापूर-मराठवाड्यात हीच गायराने अनेक भूमिहीन बौद्ध, मातंग, पारधी कुटुंबे कसतात. सातबारावर नाव नाही, म्हणून भाडेही नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे (शब्द शासनाचा, आपण वहिवाट म्हणू) नियमानुकूल करण्याची तरतूद केली. ग्रामसभेत जागेचा विषय येण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जुने पंचनामे, दंडाच्या पावत्या शोधून ठेवाव्यात.