सीपीआर शिकवणारी बाहुली : वीज कामगारांच्या मृत्यूंतून घडलेले साधन

वैद्यकीय महाविद्यालयांच्या कौशल्य प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांची गाठ एका प्लास्टिकच्या देहाशी पडते. त्याच्या छातीत स्प्रिंग असते आणि चेहरा शांत झोपलेल्या तरुणीचा असतो. बंद पडलेले हृदय छातीवर दाब देऊन चालते ठेवण्याची क्रिया, म्हणजे सीपीआर, या देहावर शिकवली जाते. हे साधन रुग्णालयासाठी घडले अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्यामागच्या विद्येचा मोठा भाग विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंतून पुढे आला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत विजेचे जाळे झपाट्याने पसरत होते आणि खांबावर काम करणारे लाइनमन धक्का लागून दगावत होते. बऱ्याच मृतांच्या अंगावर मोठी जखमही नसे. छातीतून गेलेला घरगुती वारंवारतेचा शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहदेखील हृदयाची लय मोडू शकतो. मग हृदयाचे स्नायू एकत्रितपणे आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि रक्ताभिसरण थांबते. या मृत्यूंनी चिंतित झालेल्या वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा पुरवला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोवन यांनी हे काम हाती घेतले. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. थरथरणाऱ्या हृदयाला दुसरा, मोजून दिलेला धक्का दिला तर ते पुन्हा लयीत येते, या तत्त्वावर त्यांनी छाती न उघडता वापरता येणारे यंत्र १९५७ पर्यंत तयार केले. त्याचे वजन सुमारे ९० किलो होते. रुग्णालयात ते ढकलत नेता येई, पण खांबाखाली पडलेल्या माणसापर्यंत ते पोचणार कसे?

या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितपणे हाती आले. १९५८ मध्ये कौवेनहोवन यांचे सहकारी गाय निकरबॉकर कुत्र्यांवर प्रयोग करत होते. जड इलेक्ट्रोड छातीवर दाबून धरताच, वीज सोडण्यापूर्वीच, रक्तदाब किंचित वाढतो हे त्यांच्या लक्षात आले. केवळ दाबाने रक्त पुढे सरकत होते. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह या दोघांनी १९६० मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ जण वाचले होते. यंत्र येईपर्यंतचा वेळ दोन हातांनी मिळवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

त्याच शहरात भूलतज्ज्ञ पीटर साफार श्वसनाचा प्रश्न सोडवत होते. तोपर्यंत बेशुद्ध व्यक्तीला पालथे निजवून पाठीवर दाब देणे, हात वर उचलणे अशा पद्धती रूढ होत्या. साफार यांनी स्वयंसेवकांना औषधाने तात्पुरते निश्चल करून या पद्धतींची तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीशी तुलना केली. जुन्या पद्धतींत फुप्फुसापर्यंत पुरेशी हवा पोचतच नव्हती, कारण सैल पडलेली जीभ घसा बंद करत होती. मान मागे झुकवून हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होई.

ज्ञान हाती आले, पण ते हजारो लोकांना शिकवायचे कसे? जिवंत माणसाच्या छातीवर पुऱ्या जोराने सराव करता येत नाही, बरगड्या मोडण्याचा धोका असतो. हा पेच सुटला तो नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावी, एका खेळणी कारखानदाराच्या हातून. आसमुंड लार्डाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या तयार करत. नागरी संरक्षण दलासाठी त्यांनी जखमांच्या प्रतिकृतीही बनवल्या होत्या. त्यांचा लहान मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. त्यामुळे भूलतज्ज्ञ ब्योर्न लिंड यांनी सरावासाठी पुतळ्याची कल्पना मांडली, तेव्हा लार्डाल यांनी ती मनावर घेतली. १९६० मध्ये ‘रिसुसी अ‍ॅन’ तयार झाली. नातलगांच्या घरी भिंतीवर असलेल्या एका मुखवट्यावरून तिचा चेहरा घेतला गेला. तो पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या अनामिक मुलीचा असल्याची आख्यायिका आहे. पुरुषी पुतळ्याच्या तोंडाला तोंड लावायला लोक संकोचतील, असाही लार्डाल यांचा हिशेब होता.

तरीही या बाहुलीचे मोल चेहऱ्यात नाही, तिच्या अंतर्रचनेत आहे. मान पुरेशी मागे झुकवल्याशिवाय तिच्या फुप्फुसात हवा शिरत नाही. चूक केली की छाती फुगत नाही आणि शिकणाऱ्याला कोणी न सांगता ती कळते. छातीतली स्प्रिंग नंतर, साफार यांच्या सूचनेवरून बसवली गेली. आजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची असते. यासाठी साधारण ४० ते ५० किलोंचा भार द्यावा लागतो. पहिल्यांदा सराव करणारा बहुधा फारच हळू दाबतो. हा अंदाज पुस्तकातून किंवा चित्रफितीतून येत नाही, तो मनगटांना आणि खांद्यांनाच शिकावा लागतो. नव्या पुतळ्यांत दाबाची खोली आणि वेग पडद्यावर दिसतो. तथापि खरी छाती स्प्रिंगसारखी एकसारखी दबत नाही आणि दोन माणसांच्या छात्याही सारख्या नसतात, हे शिकवणाऱ्याने सांगायला हवे. बहुतेक पुतळ्यांची छाती सपाट, पुरुषी असते. स्त्रीवर सीपीआर करताना लोक कचरतात त्यामागे हेही एक कारण असावे, अशी टीका अलीकडे होते आणि ती रास्त आहे.

ही विद्या पुन्हा खांबापर्यंत पोचली. १९६७ मध्ये अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे ४ हजार व्होल्टहून अधिक दाबाच्या तारेचा धक्का बसून एक लाइनमन सुरक्षा पट्ट्याला उलटा लटकला. सहकाऱ्याने खांबावरच त्याला तोंडाने श्वास दिला आणि खाली आणल्यावर उपचार पुढे चालू राहिले. तो वाचला. रोको मोराबितो यांनी टिपलेल्या त्या छायाचित्राला १९६८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार ५० व्होल्ट किंवा अधिक दाबाच्या उघड्या तारांवर दोन वा अधिक जणांची तुकडी बाहेर काम करत असेल, तर त्यात किमान दोघे प्रथमोपचार व सीपीआर शिकलेले असावे लागतात. जखमी सहकाऱ्याला दोराने खाली उतरवण्याचा सराव माणसाएवढ्या वजनाच्या पुतळ्यावर केला जातो.

भारतात वैद्यकीय पदवीच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा अनिवार्य झाल्या. वीज क्षेत्राची कहाणी वेगळी आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच, धक्का बसलेल्या व्यक्तीवर करावयाच्या उपचारांचा तक्ता स्थानिक भाषेत लावण्याची तरतूद होती आणि असे तक्ते उपकेंद्रांच्या भिंतींवर दिसतात. मात्र आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत पाठीवर दाब देण्याच्या जुन्या पद्धतीही तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीबरोबर दीर्घकाळ शिकवल्या गेल्या. म्हणजे साफार यांनी १९५० च्या दशकात निकामी ठरवलेले उपाय कामगारांच्या पिढ्यांनी पाठ केले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू दरवर्षी १० हजारांहून अधिक आहेत. त्यांत कामगारांबरोबर शेतकरी आणि घरातली माणसेही येतात. हृदय थांबल्यापासून चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते आणि एवढ्या वेळात शेतातल्या खांबापर्यंत रुग्णवाहिका क्वचितच पोचते.

खर्चाची अडचण पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. २००५ मध्ये लार्डाल कंपनीने हवा भरून वापरायचा, घरी सराव करता येईल असा छोटा पुतळा बाजारात आणला. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने सामान्य नागरिकांसाठी तोंडाने श्वास न देता केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत सुचवली आहे आणि ती शिकायला साधा पुतळाही पुरतो. प्रत्यक्ष प्रसंगी मात्र छातीला हात लावण्याआधी वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री करावी लागते, अन्यथा मदतीला धावलेला माणूसच दुसरा बळी ठरतो.