अभय आणि उत्पादन

कृष्णाकाठच्या भिलवडीपासून कुंडलच्या डोंगरापर्यंत पसरलेला पलूस तालुका बाहेरच्या माणसाला ऊस आणि द्राक्षे यांचा मुलूख म्हणून ठाऊक असतो. परंतु याच मुलखात किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत लोखंडाचा रस साच्यात उतरत असतो, कुंडलच्या साखर कारखान्याची गव्हाण गळीत हंगामात रात्रंदिवस ऊस ओढीत असते, भिलवडी स्टेशनच्या दुग्धालयात दूध थंड होत असते, आणि पलूसच्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठ्या शेडांतून यंत्रे फिरत असतात. हा तालुका जितका कुणब्यांचा तितकाच यंत्रावर हात ठेवून संसार चालविणाऱ्यांचा आहे. म्हणून तो हात संध्याकाळी जसाच्या तसा घरी परत जावा, एवढी साधी अपेक्षा उद्योगाच्या भरभराटीशी कशी निगडित आहे, याचा विचार करण्यास याहून योग्य स्थळ शोधावे लागणार नाही.

सुरक्षिततेवर होणारा व्यय हा नाइलाजाने सोसावयाचा भुर्दंड आहे, तो कायद्याच्या धाकाने करावा आणि तपासनीस येऊन गेला की विसरावा, अशी समजूत आपल्याकडील अनेक कारखानदारांच्या मनात खोल रुजलेली आहे. ती निर्दय आहे हे तर खरेच. पण ती व्यवहारदृष्ट्याही चुकीची आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आपला कारखाना हलवून औंध संस्थानच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आले, तेव्हा भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांना जमीन दिली आणि पैशाचाही आधार दिला. लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे १९२६ पासून पंप, अशी त्या माळावरच्या उद्योगाची वाढ सर्वश्रुत आहे. परंतु लक्ष्मणरावांनी तेथे केवळ कारखाना उभारला नाही, तर कामगारांच्या वस्तीचे गाव वसविले, आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिकही त्याच वाडीतून निघू लागले. कामगाराचे आरोग्य, त्याचे घर आणि त्याची समज या गोष्टी उत्पादनाच्या बाहेरच्या नसून आतल्या आहेत, ही दृष्टी या मातीला परकी नाही, एवढे त्या इतिहासावरून खात्रीने म्हणता येते.

आता ओतशाळेचेच उदाहरण थोडे बारकाईने पाहू. भट्टीतून निघणाऱ्या लोखंडी रसाचे उष्णतामान सुमारे १४०० अंश सेल्सिअस असते. ज्या बादलीत तो रस घ्यावयाचा ती नीट तापवून कोरडी केलेली नसेल, किंवा साच्याच्या वाळूत ओल राहिली असेल, तर त्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते. ती वाफ पाण्याच्या मूळ आकारमानाच्या १६०० पटींहून अधिक फुगते, आणि तिला बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास तप्त धातू कारंज्यासारखा उसळून कामगाराच्या अंगावर येतो. येथवरचा भाग ओतकाम करणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. परंतु ओल बेताची असून स्फोट झाला नाही, तरी तीच वाफ धातूत अडकते, ओतीव भागात पोकळ्या राहतात, आणि तो भाग घासकामाच्या वेळी किंवा गिऱ्हाइकाच्या तपासणीत नापास होऊन पुन्हा भट्टीत जातो. माणसाला भाजणारी ओल आणि माल बिघडविणारी ओल या दोन निराळ्या ओली नव्हेत. जेथे वाळूतील ओलाव्याची दर पाळीस नोंद होते, तेथे अपघातही टळतो आणि बाद मालही कमी होतो.

हाच न्याय इतरत्रही लागू पडतो. दुग्धालयाच्या शीतयंत्रणेतील अमोनिया नाकाडोळ्यांना झोंबणारा आहे, आणि त्याचा किंचित वास येऊ लागला म्हणजे कोठेतरी गॅस्केट किंवा झडप निकामी होऊ लागली आहे. त्या वासाची खबर त्याच दिवशी दिली गेली तर थोडक्यात दुरुस्ती होते. ती दाबली गेली तर कामगारांच्या जिवावर बेतते, यंत्रणा बंद पडते आणि हजारो लिटर दूध नासते. सांडपाण्याच्या किंवा मळीच्या टाकीत साचलेला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. साफसफाईसाठी उतरलेला पहिला कामगार कोसळतो आणि त्याला वाचविण्यास दुसरा, दुसऱ्यास वाचविण्यास तिसरा धावतो. अशा दुर्घटनांत अनेकदा मदतीस गेलेल्यांचेच बळी अधिक जातात. म्हणून वायूची तपासणी, हवा खेळविण्याची तजवीज, कमरेला दोर आणि वर उभा असलेला जागता माणूस यांवाचून टाकीत उतरण्यास कोणासही मुभा असू नये. २०२४ च्या नोव्हेंबरात शेजारच्या कडेगाव तालुक्यात, शाळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात वायूगळती होऊन माणसे प्राणास मुकली, तेव्हा हा विषय आपल्या दारापासून किती जवळ आहे याची जाणीव साऱ्या जिल्ह्यास झाली.

कायद्याने या बाबतीत हयगय केलेली नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातच धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालण्याची तरतूद होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी जो अर्ज सादर केला, त्यात रविवारच्या सुटीबरोबर आणखी एक मागणी होती: कामावर जबर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. त्या मागणीस कायद्याचे रूप येण्यास १९२३ चा नुकसानभरपाई कायदा उजाडावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये घडलेल्या संहारानंतर, १९८७ साली त्यात मोठी सुधारणा झाली. कामगारांची सुरक्षितता राखणे हे भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य ठरले. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली. आणि जिवास निकटचा धोका असल्याची रास्त शंका आल्यास ती वरिष्ठांच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगारास मिळाला. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत हा सारा विषय नव्याने ग्रथित झाला आहे.

परंतु कायदा कारखान्याच्या दारापर्यंत येतो. आत काय घडते ते तेथील माणसांच्या परस्परसंबंधांवर ठरते. सुरक्षा समितीची बैठक दप्तरात नियमित भरत असावी आणि प्रत्यक्षात तिच्यात कोणी तोंड उघडू नये, हे सहज संभवते. प्रेसवरच्या कामगाराला ठाऊक असते की, यंत्राचे गार्ड काढून ठेवल्याने नग भराभर पडतात. फोरमनलाही ते ठाऊक असते. आणि संध्याकाळी नगांचा हिशेब विचारणारा मालक गार्डविषयी कधीच विचारीत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. अशा ठिकाणी भिंतीवरचा फलक काहीही सांगो, मालकाचा खरा हुकूम कोणता हे कामगाराने अचूक ओळखलेले असते.

याच कुंडलच्या परिसरात १९४३ नंतर ब्रिटिश सत्तेस समांतर अशा नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल चालला, आणि ज्यांचे नाव आज तेथील साखर कारखान्यास आहे ते जी. डी. बापू लाड त्या चळवळीच्या तुफान सेनेचे सेनानी होते. सरकारी फौजदाराचा धाक पाठीशी नसताही पुष्कळ लोकांनी त्या प्रतिसरकारची शिस्त मानली, कारण ती त्यांना आपली वाटत होती. कारखान्यातील सुरक्षिततेची संस्कृती म्हणजे अशीच स्वतःची मानलेली शिस्त होय. ती निर्माण होण्यास एक अट आहे: दोष दाखविणाऱ्यास अभय असले पाहिजे. हाताची बोटे थोडक्यात वाचली, वरून पडलेला पाना डोक्याशेजारून गेला, अशा हुकलेल्या अपघातांची हकीकत जो कामगार सांगतो, तो स्वतःच्या कसुरीची कबुली देत असतो. त्या कबुलीबद्दल त्याचा पगार कापला गेला तर पुढची हकीकत कोणी सांगणार नाही, आणि पुढचा अपघात मात्र हुकणार नाही.

जाणूनबुजून केलेला बेदरकारपणा आणि माणसाकडून सहज होणारी चूक यांत भेद करणे हे न्यायी व्यवस्थापनाचे लक्षण आहे. बेदरकारपणास शासन हवेच. पण चुकीच्या बाबतीत ‘कोणाची चूक’ या प्रश्नापूर्वी ‘ती घडू शकली कशी’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

नफ्याच्या दृष्टीने पाहणाऱ्यांसाठी अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचा दाखला पुरेसा आहे. १९८७ साली तिची सूत्रे हाती घेताना पॉल ओनील यांनी भागधारकांपुढे नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. दर १०० कामगारांमागे कामाचे दिवस बुडविणाऱ्या इजांचे वार्षिक प्रमाण तेव्हा १.८६ होते, २००० साली ते ०.२ च्या आसपास आले, आणि त्याच अवधीत कंपनीचा वार्षिक नफा सुमारे पाचपट झाला. याचे रहस्य असे की, धोक्याची बातमी तळापासून वरपर्यंत त्वरेने जावी म्हणून जो मार्ग मोकळा केला गेला, त्याच मार्गाने उत्पादन सुधारण्याच्या कल्पनाही वर येऊ लागल्या. ज्याचे धोक्याविषयीचे म्हणणे ऐकले जाते, तो यंत्राच्या बदललेल्या आवाजाविषयी आणि वाया जाणाऱ्या मालाविषयीही बोलू लागतो.

याउलट अपघाताची किंमत केवळ दवाखान्याच्या बिलात आणि नुकसानभरपाईत मोजणे ही आत्मवंचना आहे. थांबलेले यंत्र, अर्धवट राहिलेला माल, चुकलेली मुदत, धास्तावलेले सहकारी, नव्या माणसाच्या शिक्षणात जाणारे महिने आणि अनुभवी कारागिराबरोबर निघून गेलेले कसब यांची वजावाट कोणत्याच खतावणीत दिसत नाही. परंतु ती नफ्यातूनच होत असते.

हे सारे मोठ्या कंपन्यांना शोभते, आमच्या पंधरा माणसांच्या शेडला नव्हे, असे वसाहतीतील लहान उद्योजक म्हणेल. वस्तुतः लहान जागेत हे अधिक सुकर आहे, कारण तेथे मालक आणि कामगार यांच्यामध्ये कार्यालयांची उतरंड नसते. पाळी सुरू होताना पाच मिनिटे उभे राहून आजच्या कामातला धोका कोणता हे विचारणे; दुरुस्तीच्या वेळी मुख्य स्विचला कुलूप घालून त्याची किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवणे; बिहार-ओडिशातून आलेल्या कंत्राटी कामगाराला त्याला समजेल अशा भाषेत आणि प्रत्यक्ष करून दाखवून शिकविणे; आणि मालकाने स्वतः गॉगल लावल्यावाचून शेडमध्ये पाऊल न टाकणे, यांस भांडवल लागत नाही. साखर कारखान्यांनीही आपली जबाबदारी फाटकापाशी संपते असे मानू नये. रात्री ऊस घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी आहे की नाही, ती ट्रॉली वाजवीपेक्षा अधिक भरली आहे काय, आणि तिच्यावर झोपलेली तोडणी मजुराची मुले सुरक्षित आहेत काय, हेही त्या उद्योगाचेच प्रश्न आहेत.

आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहतात, हंगामारंभी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि गव्हाणीत मोळी टाकण्यास मान्यवर जमतात. यंत्राविषयीचा हा आदर थोर आहे. त्याला यंत्र चालविणाऱ्याविषयीच्या तितक्याच दक्ष आदराची जोड मिळाली पाहिजे. ज्या दिवशी एखादा नवशिका मदतनीस धोका दिसताच निःशंकपणे यंत्र थांबवील आणि मालक ‘का थांबविलेस’ म्हणून दरडावण्याऐवजी ‘काय दिसले’ असे विचारील, त्या दिवसापासून तो कारखाना सुरक्षित होऊ लागेल. आणि त्याचा माल, त्याची पत व त्याचा नफा यांचा पायाही त्याच दिवसापासून पक्का होऊ लागेल.